तीन हिसक्यांची नोंदवही

"पण हिला साहेब केलं तरी कोणी?"

सोयाबीनच्या पोत्यांच्या थप्पीपलीकडून हा प्रश्न आला तेव्हा मी अलीकडच्या बाजूला पोती मोजत होते. थप्पी म्हणजे काही भिंत नव्हे. पोत्यांच्या फटींतून बोलणं गाळून, काडीकचरा निघून, स्वच्छ होऊन येतं. बोलणारे सर्जेराव, म्हणजे आमचे मशीनवाले. ऐकणारी बेबीनंदा, म्हणजे निवडणीच्या बायकांची मुकादम. आणि 'ही' म्हणजे मी, उषा. आदल्या दिवशी मी सर्जेरावांना बिडी फाटकाबाहेर ओढा म्हणाले होते, त्याचं हे गाऱ्हाणं चाललं होतं.

"काकासाहेबांनी बी कधी मला बाहेर काढलं न्हाई," सर्जेराव म्हणाले. बेबीनंदाचं न बोलणंही फटीतून स्पष्ट ऐकू आलं.

मी छप्पन्नाव्या पोत्यावर हात ठेवून तशीच उभी राहिले. मला राग यायला हवा होता. पण राग येण्यासाठी समोरच्याचं चुकलेलं असावं लागतं, आणि सर्जेरावांचं काहीच चुकलं नव्हतं. मला साहेब कोणीच केलेलं नव्हतं.

आमची शेतकऱ्यांची कंपनी आहे, परतूरला, स्टेशनपासून फार लांब नाही. नाव इतकं लांब आहे की पाटीवर दोन ओळींत लिहूनही शेवटचा शब्द खाली लोंबतो, म्हणून तालुक्यात सगळे नुसतं 'काकासाहेबांची चाळणी' म्हणतात. शेतकऱ्यांचं सोयाबीन, तूर, हरभरा आणायचा, मशीनवर चाळायचा, बायकांनी निवडायचा आणि बियाणं म्हणून पाठवायचा, असं काम. काकासाहेबांनी बारा वर्षांपूर्वी उभी केली. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून ते घरीच आहेत. तेव्हा मी कारकून होते. आजही कागदोपत्री कारकूनच आहे. फक्त मशीन कधी लावायचं, गाडी कधी बोलवायची, कोणाचा माल ओला म्हणून परत पाठवायचा आणि परत पाठवल्याबद्दल त्याच्या शिव्या कोणी खायच्या, हे तीन वर्षं मी ठरवते. प्रत्येक कागदावर सही करते ती 'काकासाहेबांकरिता'. त्यांची खुर्ची रोज पुसते आणि बाजूच्या स्टुलावर बसते. माझं शिक्षण दहावी. संगणक मी स्वतः शिकले, ओलावा मोजायचं यंत्र स्वतः शिकले, आणि स्टुलावर आठ तास ताठ बसायलाही स्वतःच शिकले.

संचालक मंडळाच्या प्रत्येक बैठकीत 'युनिट प्रमुखाची नेमणूक' हा विषय शेवटी असतो. विषय आला की अकराही संचालक चहाच्या कपात बघतात आणि ठराव होतो की काकासाहेब आल्यावर बघू. काकासाहेब कधी येणार? ते त्यांच्या घरी दुर्गाकाकूंना विचारायचं. आजारानंतर त्यांचं बोलणं ओठांतल्या ओठांत फिरतं, ते एकट्या काकूंनाच कळतं. आपण विचारलं की ते काहीतरी बोलतात, आणि काकू सांगतात, "दिवाळीनंतर येतो म्हणतात." कोणती दिवाळी ते त्या सांगत नाहीत. तीन होऊन गेल्या.

हे सगळं असंच चाललं असतं. पण एप्रिलमध्ये जालन्याहून दोन दिवसांच्या प्रशिक्षणाचं पत्र आलं, 'संस्थेची संस्कृती आणि व्यवस्थापन'. पत्र काकासाहेबांच्या नावे होतं, म्हणून त्यांच्याकरिता मी गेले. दारात गळ्यात अडकवायची ओळखपट्टी दिली तीही त्यांच्याच नावाची. दोन दिवस मी छातीवर 'काकासाहेब' लावून फिरले. जेवणाच्या रांगेत एका गृहस्थांनी "काकासाहेब, जरा पुढे सरका" म्हटलं आणि मी सरकले. सवय झाली होती.

शिकवणारे सर मात्र चांगले होते. ते म्हणाले, प्रत्येक संस्थेची स्वतःची पुराणं असतात. पहिल्या माणसानं एक गोष्ट केलेली असते, मागची माणसं ती करत राहतात, आणि का ते कोणालाच ठाऊक नसतं. तुमच्याकडे जे रोज होतं ते लिहा, आणि ते का होतं हेही लिहा. खरं लिहा. बाकीच्यांनी लिहिलं की आमच्याकडे शेतकरी हेच दैवत. मी खरं लिहिलं.

आमच्याकडे रोज सकाळी मशीन सुरू करण्याआधी वरच्या चाळणीची कड धरून हाताने तीन हिसके देतात. दोन नाही, चार नाही. हिसके सर्जेराव देतात, बेबीनंदा शेजारी उभी राहते, आणि मगच बटण दाबायचं. काकासाहेबांनी पहिल्या दिवसापासून घालून दिलेली रीत. बारा वर्षांत एकदाही चुकलेली नाही.

त्याच महिन्यात आम्ही गुणवत्तेच्या मानांकनाचा अर्ज भरला. ते मिळालं तर आमचं बियाणं दुसऱ्याच्या पिशवीतून न जाता आमच्या नावाच्या पिशवीतून जाणार होतं. त्यासाठी 'कार्यपद्धती पुस्तिका' हवी होती. सरांचे शब्द ताजे होते. मी पुस्तिकेत कलम एक लिहिलं: चाळणीस हाताने तीन हिसके देणे. जबाबदार व्यक्ती: सर्जेराव. आणि 'कारण' या रकान्याशी येऊन थांबले.

सर्जेरावांना विचारलं. त्यांनी आधी टोपी नीट केली. काकासाहेब दर रामनवमीला रामदासांच्या जांब समर्थला जायचे, ते मला ठाऊकच होतं. पहिल्या वर्षी तिथून आले ते सरळ मशीनपाशी आले आणि तीन हिसके दिले. श्रीराम, जय राम, जय जय राम. "मी बी तेच म्हणत देतो. बिलकुल मनात. आवाज न्हाई करायचा."

बेबीनंदाला विचारलं तेव्हा ती आधी निवडणीच्या सुपाशी खेळत राहिली. मग म्हणाली, "ताई, कोणाला सांगू नका. मला वाटलं ते तीन शरणं हायेत. बुद्धं, धम्मं, संघं. काकासाहेब मोठ्या मनाचे, बोलून न दाखवता आपल्यासाठी ठेवलं असंल. अकरा वर्षं झाले, मी रोज शेजारी उभी राहून म्हणून राह्यले."

म्हणजे एकाच चाळणीच्या दोन बाजूंना दोघं अकरा वर्षं आपापलं म्हणत उभे होते, आणि दोघांचं बरोबर तीन हिसक्यांत बसत होतं. मला ते इतकं आवडलं की रकान्यात काय लिहावं सुचेना.

संध्याकाळी शेजारच्या द्वारकाबाईंना हे बोलले. कोणाच्याही घरात काहीही लिहिलं जात असेल तर द्वारकाबाईंना त्याचा वास येतो. त्यांच्या नवऱ्याची नोकरी तहसिलीत झाली, त्यामुळे कागद हा विषय त्यांना माहेरचा वाटतो. त्या म्हणाल्या, "कारण लिहूच नको. कारण लिहिलं की लोक वाचतात. 'सूचनेनुसार' लिही. सूचनेनुसारला कोणी काही विचारत न्हाई."

मी लिहिलं, 'मा. काकासाहेब यांच्या सूचनेनुसार'. माणसानं दोन दिवसांचं प्रशिक्षण घ्यावं आणि शेवटी द्वारकाबाईंचं ऐकावं, ही माझी व्यवस्थापनातली पहिली चूक.

मेच्या पहिल्या आठवड्यात तपासणीला प्रियदर्शनी मॅडम आल्या. वय तिशीच्या आत, आवाज हळू, आणि कागद वाचताना त्या बोटानं प्रत्येक ओळीखालून जातात. बोट कलम एकखाली थांबलं.

त्यांनी विचारलं, हे हिसके रोज होतात? होतात. नोंद कुठे आहे? नोंद नाही. मग होतात हे कशावरून? सर्जेराव म्हणाले, मी देतो त्याच्यावरून. मॅडम शांतपणे म्हणाल्या की लिहिलेलं केलं पाहिजे आणि केलेलं नोंदवलं पाहिजे. मग त्यांनी सर्जेरावांना विचारलं की हिसके देण्याचं प्रशिक्षण झालंय का, आणि चुकून चौथा बसला तर काय करतात.

"बसत न्हाई," सर्जेराव म्हणाले. त्यांच्या आवाजात इतका अपमान होता की मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तीन आठवड्यांनी पुन्हा येते, तोवर नोंदवही ठेवा, असं सांगून मॅडम गेल्या. शेवटच्या पानावर 'युनिट प्रमुख: नाव व सही' असा एक मोकळा चौकोन होता. तो त्यांनी पेन्सिलीनं गोल केला आणि कोणाकडे न बघता म्हणाल्या, "हाही तेवढा भरून ठेवा." आम्ही सगळ्यांनी मान हलवली. मान हलवण्यात आमची संस्था पहिल्यापासून पक्की आहे.

अशी हिसका नोंदवही जन्माला आली. तारीख, वेळ, हिसक्यांची संख्या, देणाऱ्याची सही, मोजणाऱ्याची सही, शेरा. शेऱ्यात काय लिहायचं ते सर्जेरावांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं: 'समाधानकारक'. आता हिसके देताना बेबीनंदाला मोठ्यानं मोजावं लागे. मोठ्यानं मोजायचं म्हणजे मनातलं म्हणता येत नाही. तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "ताई, नुसतं एक-दोन-तीन म्हटलं की काही केल्यासारखं वाटत न्हाई." सर्जेरावांचंही तेच. बारा वर्षं सुखानं चाललेली एक गोष्ट मी एका रकान्यात बसवून तिचा जीव काढला होता, आणि तेही 'काकासाहेबांकरिता' सही करून.

त्यात लग्नसराई. सर्जेरावांच्या मेव्हण्याच्या मुलीचं लग्न केदारखेड्याला निघालं, म्हणजे ते दोन दिवस नाहीत. पूर्वी ते नसले की बेबीनंदा हिसके द्यायची आणि काम सुरू व्हायचं. पण आता पुस्तिकेत 'जबाबदार व्यक्ती: सर्जेराव' असं होतं. बेबीनंदा म्हणाली, "लिहिलेलं मोडून मी हात लावणार न्हाई. उद्या मॅडम म्हणतील हिचं प्रशिक्षण कुठंय." सकाळी दहाला दारात चार ट्रॅक्टर उभे, मशीन गप्प, आणि शेतकरी विचारतात की लाइट तर आहे, मग अडलंय कशाला. यांना काय सांगू, हिसके देणारा माणूस लग्नाला गेला म्हणून?

एकानं सुचवलं, व्हिडिओ कॉल लावा. लावला. सर्जेराव फेटा बांधून मांडवात उभे, मागे बँड. मी मोबाइल चाळणीसमोर धरला, बेबीनंदानं कडेला हात लावला, म्हणजे हात तिचा आणि अधिकार सर्जेरावांचा, अशी आम्ही तोड काढली. "एक," सर्जेराव ओरडले, आणि सवयीनं त्यांनीही जवळ होता तो मांडवाचा बांबू धरून हिसका दिला. दुसऱ्याला झालर खाली आली. तिसऱ्याला काय झालं ते दिसलं नाही, कारण मोबाइल कापडाखाली गेला. बँड मात्र थांबला. नोंदवहीत मी शेरा लिहिला, 'दूरध्वनीद्वारे'. समाधानकारक लिहायला मन धजेना.

केदारखेड्याहून सर्जेराव आले ते गप्प गप्प. व्याही बोलले असावेत. त्यांना आणखी दोन लग्नांना जायचं होतं आणि पुन्हा असला प्रकार नको होता. त्यांनी मला काही विचारलं नाही. मी तरी विचारण्यासारखी कोण? एका संध्याकाळी मी सोसायटीत गेले असताना त्यांनी बेबीनंदाला शेजारी उभं केलं आणि स्वतःच्या डोक्यानं मार्ग काढला.

तो मार्ग मला तीन दिवसांनी कळला, प्रियदर्शनी मॅडमबरोबरच, कारण त्या ठरल्या तारखेच्या आधीच आल्या. तारीख होती एकोणीस. त्यांनी नोंदवही उघडली, बोट खाली खाली गेलं, आणि नोंदी काही संपेनात. सव्वीस तारखेपर्यंत सगळ्या भरलेल्या. वेळ, संख्या, दोन्ही सह्या, समाधानकारक. मधला रविवारही समाधानकारक.

"हे हिसके झालेत?" मॅडमनी विचारलं.

"झालेत ना. तीस दिले एका दमात, दहा दिवसांचे. मोजून. बेबीनंदा साक्षीला व्हती."

"पण ही तारीख अजून आलेली नाही."

"तारीख येईल की," सर्जेराव समजुतीच्या सुरात म्हणाले. "हिसके तयार हायेत."

मॅडमनी नोंदवही मिटली. मला वाटलं, आता अर्ज फाडतात. पण त्यांनी डोळे पुसले, आणि मला नंतर कळलं की त्या हसत होत्या. मग त्या म्हणाल्या की कलम एकचं कारण नीट कळलं तर ते ठेवायचं की काढायचं ते ठरवता येईल. पण कलम बदलायचा अधिकार युनिट प्रमुखाचा. त्यांनी शेवटचं पान उलटलं. चौकोन मोकळा होता, पेन्सिलीचा गोल तसाच.

"इथे प्रमुख कोण आहे?"

प्रश्न साधा होता. सर्जेराव मशीनच्या पट्ट्याकडे बघू लागले. बेबीनंदानं सूप उचललं आणि त्यात काही नसताना पाखडायला लागली. मी तोंड उघडलं. मी म्हणू शकत होते, मी आहे. तीन वर्षांचे कागद माझ्या बाजूनं बोलले असते. पण 'मी आहे' म्हणायचं तर त्याच्या आत दुसरं एक वाक्य होतं, आणि ते म्हणायची माझी तयारी नव्हती. ज्या माणसानं मला, नवरा सोडून गेलेल्या दहावी पास बाईला, मुलाखतीत एकच प्रश्न विचारला होता की उद्यापासून येता का, त्याच्या परत न येण्याबद्दलचं ते वाक्य होतं.

"काकासाहेब," मी म्हणाले.

"कुठे आहेत?"

"घरी. येणारेत."

"मग आपणच जाऊ," मॅडम म्हणाल्या.

त्यांच्या जीपमध्ये त्या आणि सर्जेराव, माझ्या स्कूटीवर मी आणि बेबीनंदा. वाटेत बेबीनंदा मागून एवढंच म्हणाली, "ताई, आज तरी कोणी बोलंल का?" मी हॉर्न वाजवला. पुढे कोणी नव्हतं.

काकासाहेब पलंगावर उशीला टेकून बसले होते, पांढरा सदरा, दाढी केलेली. आम्हाला पाहून डावा हात वर केला. दुर्गाकाकूंनी पाणी आणलं, मग चहा. आम्ही सगळे, आजारी माणसाशी बोलतात तसं, उगाच मोठ्यानं बोलत होतो. सर्जेराव म्हणाले, तुम्ही आलात की धान्य वर चढवायचं नवं एलेव्हेटर तुमच्या हातानं सुरू करू. मी म्हणाले, तुमच्या खुर्चीला नवं कुशन केलंय. काकासाहेब ऐकत होते. मॅडमनी मात्र हळूच, जवळ बसून विचारलं, "तुम्ही ते तीन हिसके कशासाठी सुरू केले?"

त्यांचा चेहरा उजळला. ओठ हलू लागले, आणि काकू पलंगाच्या कडेला बसून वाक्यावाक्यानं सांगू लागल्या. त्यांनाही ही गोष्ट नवी होती. सांगता सांगता त्याच हसत होत्या. पहिल्या वर्षी मशीन आणलं ते दोन महिने नुसतं पडून होतं, वीज जोडायची राहिली होती. सुरू करायच्या दिवशी पाहतात तो चाळणीखाली खारीनं घर केलेलं. कापूस, सुतळी, तीन पिल्लं. पिल्लं त्यांनी टोपीत काढून बाभळीच्या ढोलीत ठेवली. पण खार पुन्हा पुन्हा यायची. म्हणून बटण दाबण्याआधी चाळणी हलवायची. एकदा हलवलं की ती कान टवकारायची, दुसऱ्यांदा कडेला यायची, तिसऱ्याला उडी मारायची.

"तिला तीन लागायचे," काकूंनी सांगितलं.

सर्जेरावांचे राम आणि बेबीनंदाची शरणं माझ्या डोळ्यांसमोरून उडी मारून गेली. मला दोघांकडे बघवेना. मग बेबीनंदाच म्हणाली, "मी तर म्हणत राह्यीन. खारीसाठी म्हटलं तर काय बिघडलं?" आणि सर्जेराव खाकरून म्हणाले, "मंग मी बी."

मॅडमनी पुस्तिका मांडीवर घेतली. कलम एकवर रेघ मारली आणि वर स्वतःच्या हातानं लिहिलं: सुरू करण्यापूर्वी चाळणी हाताने हलवून आत कोणी जीव नाही याची खात्री करणे. 'कोणीही हलवावी,' पुढे लिहिलं. नोंदवही लागणार नाही म्हणाल्या. हे तर मोठमोठ्या कारखान्यांतही नसतं, असंही म्हणाल्या, आणि आम्ही सगळे एकदम उंच झालो.

"आता एवढंच," त्यांनी शेवटचं पान काढलं. "युनिट प्रमुख. ही सुधारणा कोणाच्या सहीनं करायची?"

सर्जेरावांना एकदम पावसाळ्याची आठवण झाली. यंदा मृगात पेरण्या होतील का, असं त्यांनी पंख्याला विचारलं. मी कपातला चहा पुन्हा फुंकला, तो केव्हाच गार झालेला असताना. काकासाहेब माझ्याकडे बघत होते. त्यांचे ओठ हलले. थोडेच शब्द होते.

आम्ही सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं. त्यांनी पदर सावरला, तोंड उघडलं, आणि 'दिवाळी' हा शब्द मला त्यांनी म्हणण्याआधीच ऐकू आला. पण त्या म्हणाल्या नाहीत. काकासाहेबांनी डावा हात त्यांच्या मनगटावर ठेवला आणि तेच शब्द पुन्हा म्हटले, तितक्याच हळू.

काकूंनी मॅडमच्या हातातलं पेन घेतलं आणि माझ्यापुढे धरलं.

"मी आता येत न्हाई म्हणतात," त्या म्हणाल्या. "आजचं न्हाई हे. तीन वर्षं झाले, हेच म्हणून राह्यलेत. उषाचं नाव लावा म्हणून राह्यलेत. दिवाळी मीच सांगत व्हते."